‘ठेव’ची ‘ठव’ होते तेव्हा

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आमचं सॉफ्टवेअर जुनं, काळ्या पडद्याचं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “तू शिकलायस ना, मग पावतीची खिडकी तरी नवी करून दाखव.” मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातून खिडक्या करायला पायक्यूटी-५ घेतलं आणि दोन महिने रात्री जागून क्यूटी डिझायनर या माउसने खिडकी मांडायच्या टूलमध्ये फॉर्म काढला. माझ्या घरच्या मोठ्या मॉनिटरवर तो चित्रासारखा दिसतो. काउंटरवरच्या विंडोज ७ च्या मशीनवर लावला, तर ‘जतन करा’चं बटण खिडकीबाहेर गेलं. मात्रा कापली जाऊन ‘ठेव’चं ‘ठव’ झालं, ‘मुद्दल’चं ‘मद्दल’. साहेबांच्या नव्या लॅपटॉपवर तर निम्मी अक्षरं दिसतच नाहीत. ५,००० ची रक्कम ९९.९९ दिसते. काउंटरवरच्या मॅडम एन्टर दाबतात आणि अर्धवट पावती जतन होते. काही पावत्या तर दोनदा नोंदल्या गेल्यात. सगळे हसतात. हे डिझायनर टूलच टाकाऊ आहे का? सगळं हाताने कोड लिहून करू का?

उत्तर : वय सांगितलंयस म्हणून ‘तू’च म्हणते. तुझं पत्र वाचून मीही हसले, पण ते ‘मद्दल’ला. तुझ्या जागी मी स्वतः बसलेली आहे, ते पुढे सांगतेच.

टूल टाकाऊ नाही. हाताने कोड लिहायला घेतलास तर हेच सगळे घोळ जास्त वेळ घालवून पुन्हा करशील. तू डिझायनरला ड्रॉइंगचा कागद समजलास, एवढंच. काय केलं असशील ते मला इथून दिसतंय. डावीकडच्या पेटीतून लेबल उचललं, फॉर्मवर टाकलं, शेजारी रकाना टाकला आणि मग माउसने ओढत ओढत ठिपक्याला ठिपका जुळवला. तू ‘ठेव’ हा शब्द छान बसवत होतास, आणि डिझायनर आपल्या फाइलमध्ये लिहीत होता की हे लेबल डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके, आणि उंची अमुकच. तुझ्या घरच्या मॉनिटरवर, तिथल्या फॉन्टमध्ये ते खरंच होतं. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलला, अक्षर उंच झालं, पण लेबलाची उंची तू दगडावर कोरून ठेवली होतीस. मग वरची मात्रा आणि खालचा उकार छाटला गेला.

ही सवय आपल्याकडे व्हिज्युअल बेसिक या खिडक्या करायच्या जुन्या टूलने लावली. त्याची सहावी आवृत्ती १९९८ मध्ये आली आणि पुढे कितीतरी वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये तीच चालली. त्यात सगळं मोजून ठेवायचं असे. इंचाचे १,४४० भाग, एकेका भागाला ट्विप म्हणायचे. मी तसाच एक फॉर्म एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी केला होता, माझ्या टेबलावरच्या १,०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर. काट्यावरचा मॉनिटर निघाला ८०० बाय ६००. ‘प्रिंट’चं बटण पडद्याबाहेर. तिथल्या माणसाने तक्रार केली नाही. तो सात वेळा टॅब आणि एकदा स्पेस दाबायचा. दोन महिन्यांनी मी सहज गेले तेव्हा कळलं की त्याने ते न दिसणारं बटण पाठ केलं होतं. मला आजही त्या सात टॅबची लाज वाटते.

क्यूटी म्हणजे तुझ्या पायक्यूटीच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर. ते करणाऱ्यांची अडचण मुळातच वेगळी होती. हावर्ड नोर्ड आणि आयरिक शाम्बे-एंग हे दोघे नॉर्वेत अल्ट्रासाउंडच्या चित्रांच्या डेटाबेसवर काम करत होते, आणि तेच सॉफ्टवेअर युनिक्स, मॅकिंटॉश, विंडोज अशा तिन्ही ठिकाणी चालायला हवं होतं. तिन्हीकडे फॉन्ट निराळे, बटणांची उंची निराळी. तिथे पिक्सेल मोजून भागणार कसं? १९९५ मध्ये त्यांनी क्यूटी लोकांसमोर आणलं. कोणती वस्तू कुठे आहे यापेक्षा ती कोणाच्या शेजारी आहे आणि जागा वाढली तर ती कोणाला मिळेल, हे त्याला सांगायचं असतं. या सांगण्यालाच लेआउट म्हणतात. तुझ्या पत्रात हा शब्द एकदाही आलेला नाही, तिथेच मला कळलं.

तर आता तुझ्या फाइलची एक प्रत बाजूला ठेव आणि मूळ फाइल उघड. उजवीकडे ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर नावाची यादी आहे. त्यात फॉर्मच्या नावाशेजारी लाल मनाईची खूण दिसेल, रस्त्यावर प्रवेश बंदची असते तशी. म्हणजे या डब्याला लेआउट नाही. ती खूण एकाही डब्याशेजारी उरता कामा नये, हेच तुझं या आठवड्याचं काम.

सुरुवात आतून करायची, बाहेरून नाही. बहुतेक जण इथेच फसतात. खातेक्रमांक, नाव, ठेवीचा प्रकार, रक्कम या लेबल-रकान्यांच्या जोड्या एकत्र निवड आणि कंट्रोल-६ दाब. त्याला फॉर्म लेआउट म्हणतात. लेबलं एका रांगेत, रकाने एका रांगेत आपोआप बसतात. खालची तीन बटणं निवड आणि कंट्रोल-१ दाब, ती आडवी एका ओळीत येतील. बटणांच्या डावीकडे एक आडवा स्पेसर टाक. स्पेसर म्हणजे न दिसणारी स्प्रिंग. ती बटणांना उजवीकडे ढकलून ठेवते, खिडकी कितीही ओढली तरी. शेवटी फॉर्मवरच्या मोकळ्या जागी क्लिक करून, म्हणजे काहीच न निवडता, कंट्रोल-२ दाब. सगळे गठ्ठे एकाखाली एक लागतील आणि लाल खूण जाईल. काही बिघडलं तर कंट्रोल-० ने लेआउट मोडतं, घाबरू नकोस. पहिल्यांदा सगळं चेपल्यासारखं, कुरूप दिसेल. तुझी दोन महिन्यांची रांगोळी फिसकटली असं वाटेल. वाटू दे.

मग कंट्रोल-आर, म्हणजे प्रीव्ह्यू. ही खरी परीक्षा. कोड न चालवता फॉर्म खिडकीसारखा उघडतो. त्याचा कोपरा धरून खिडकी मोठी कर, लहान कर, उभी ताण. नावाचा रकाना रुंद व्हायला हवा. पावती क्रमांकाचा रकाना मात्र रुंद होऊन काय करणार? तिथे साइझ पॉलिसी कामाला येते. ती कशी वाचायची ते थोडक्यात सांगते. फिक्स्ड म्हणजे वस्तू स्वतःला हव्या तेवढ्याच मापाची राहणार. एक्सपांडिंग म्हणजे ‘उरलेली जागा मला द्या’. प्रिफर्ड म्हणजे मिळाली तर घेईन, नाही मिळाली तर रुसणार नाही. बाकीच्यांची तुला आत्ता गरज नाही. आणि हात जोडून सांगते, उंचीला किमान-कमाल आकडे टाकू नकोस. मात्रा पुन्हा कापली जाईल. उंची फॉन्टला ठरवू दे.

प्रीव्ह्यूत बघताना रकान्यांमध्ये खरा मजकूर भर. ‘अबक’ टाकून काही कळत नाही. तुमच्या सभासदांच्या यादीतलं सगळ्यात लांब नाव शोध. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि संस्था असेल तर ‘महिला बचत गट, मुक्काम पोस्ट’पर्यंत सगळं एकाच रकान्यात असतं. ते जिथे मावेल तिथे बाकीचं मावेलच.

आता फॉन्ट. तुझ्या घरी बहुधा विंडोज १० किंवा ११ आहे, तिथे मराठीसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट असतो. तो विंडोज ८ पासून आला. काउंटरवरच्या ७ मध्ये तो नाहीच, तिथे मंगल येतो आणि मंगलची ओळ उंच असते. तुझ्या ‘ठेव’ची मात्रा नेमकी तिथे गेली. लेआउट लावल्यावर ती परत येईल, पण मी तरी फॉन्ट सोबतच देईन. ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. (‘मुक्त’ तर आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला.) फॉन्टची फाइल प्रोग्रामच्या फोल्डरात ठेव, सुरुवातीलाच क्यूफॉन्टडेटाबेस या क्यूटीच्या फॉन्ट सांभाळणाऱ्या भागाकडून ती लोड कर आणि अख्ख्या अप्लिकेशनला तोच फॉन्ट लाव. डिझायनरमध्ये एकेका लेबलाचा फॉन्ट बदलत बसू नकोस. चाळीस लेबलं, आणि साहेब म्हणणार की थोडं मोठं कर.

साहेबांच्या लॅपटॉपवर विंडोजने सगळं १२५ किंवा १५० टक्के मोठं केलेलं असणार, नवे लॅपटॉप असेच येतात. क्यूटी-५ मध्ये अक्षरं त्या प्रमाणात वाढतात, पण तुझे पिक्सेलचे डबे तेवढेच राहतात. म्हणून निम्मी अक्षरं गायब. लेआउटने हेही बरंचसं सुटेल. उरलेल्यासाठी, अप्लिकेशन तयार करणाऱ्या ओळीच्या आधी हाय-डीपीआय स्केलिंगचा, म्हणजे सगळी खिडकीच प्रमाणात मोठी करण्याचा गुण चालू कर. एक खाच लक्षात ठेव. क्यूटी-५ हा गुणाकार पूर्णांकात करतो, १५० टक्क्यांना सरळ दुप्पट धरतो, आणि मग फॉर्म पडद्यात मावत नाही. ५.१४ पासून ही राउंडिंग पॉलिसी बदलता येते, ती ‘पासथ्रू’ ठेव, म्हणजे दीडपट ती दीडपटच राहील. क्यूटी-६ मध्ये हे स्केलिंग कायमच चालू असतं, पण त्याला किमान विंडोज १० लागतं. विंडोज ७ वर पायथनही ३.८ च्या पुढचं चालत नाही. म्हणून कोणी ‘नवीन आवृत्ती घे, सगळं सुटेल’ म्हणालं तर आधी त्याला काउंटरवरचं मशीन बदलून द्यायला सांग.

९९.९९ चं कोडं अगदी सोपं आहे. रकमेसाठी तू डबल स्पिनबॉक्स, म्हणजे वर-खाली बाणांचा आकड्यांचा रकाना टाकलायस, आणि त्याची कमाल मर्यादा मुळात ९९.९९ असते. कोडने ५,००० भरले तरी तो मुकाट्याने ९९.९९ वर थांबतो, चूक दाखवत नाही. प्रॉपर्टीच्या यादीत ‘मॅक्झिमम’ वाढवलंस की झालं. पण पतसंस्थेच्या रकमेसाठी मी स्पिनबॉक्स वापरणारच नाही. त्यावर माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो. मॅडम यादी खाली सरकवायला जातील आणि ५,००० चे ४,९९७ होतील, कोणाच्या लक्षातही येणार नाही. लाइन एडिट, म्हणजे साधा लिहायचा रकाना घे, फक्त आकडे आणि दोन दशांश घेईल असा व्हॅलिडेटर लाव, आणि हिशेब पायथनच्या डेसिमल या अचूक दशांश प्रकारात नाहीतर पूर्ण पैशांत ठेव. फ्लोट या अंदाजे दशांश धरणाऱ्या प्रकारात व्याज काढशील तर मार्चअखेरीस चार पैशांच्या फरकासाठी रात्र जागशील.

तारखेचा रकानाही बघून घे. त्याच्या डिस्प्ले फॉर्मॅटमध्ये महिन्यासाठी मोठा एम लागतो, छोटा एम म्हणजे मिनिटं. आणि ‘कॅलेंडर पॉपअप’वर खूण कर.

एन्टरबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथे चूक मॅडमची मुळीच नाही. त्यांची बोटं जुन्या काळ्या पडद्यावर वर्षानुवर्षं घडली आहेत. तिथे एन्टर म्हणजे ‘पुढचा रकाना’. टॅली वापरणाऱ्या कोणालाही विचार, तेच सांगेल. तू मात्र नवीन फॉर्म करताना डायलॉगचा, म्हणजे विचारून बंद होणाऱ्या छोट्या खिडकीचा साचा निवडलास, आणि डायलॉगमध्ये एन्टर म्हणजे मुख्य बटण दाबणं. त्यांनी नाव लिहिलं, पुढे जायला एन्टर दाबला, आणि बिनरकमेची पावती जतन झाली. एस्केप दाबला तर डायलॉग न विचारता बंद होतो, हेही त्यांना एव्हाना कळलं असेल.

उपाय असा. साच्याबरोबर ओके-कॅन्सलची तयार बटणपेटी आली असेल तर ती काढून टाक, ती ओकेला आपोआप मुख्य करते. आपली साधी बटणं ठेव आणि प्रत्येकाचा ‘ऑटोडिफॉल्ट’, म्हणजे एन्टरने आपोआप दाबलं जाण्याचा गुण बंद कर. मग एफ-४ दाब. आता डिझायनर जोडण्या करायच्या अवस्थेत जातो. खातेक्रमांकाच्या रकान्यावरून पुढच्या रकान्यावर बाण ओढ. उघडलेल्या खिडकीत डावीकडे ‘रिटर्नप्रेस्ड’ (एन्टर दाबला) आणि उजवीकडे ‘सेटफोकस’ (कर्सर इथे आण) निवड. सेटफोकस दिसत नसेल तर खाली वारशाने आलेले सिग्नल दाखवण्याची खूण आहे, ती लाव. असं रकान्यामागून रकाना करत जा आणि शेवटचा बाण ‘जतन करा’वर आणून सोड. एन्टर मारत मारत मॅडम बटणापर्यंत पोचतील आणि तिथे थांबतील. एफ-३ ने नेहमीच्या अवस्थेत परत ये. टॅबचा क्रम एडिट मेनूत स्वतंत्र लावता येतो. रकान्यांवर आकडे दिसतात, हव्या त्या क्रमाने क्लिक करत जायचं. तू वस्तू ज्या क्रमाने टाकल्यास त्याच क्रमाने आत्ता टॅब उडत असणार.

बटणांना फंक्शन-की दे. टॅलीत एफ-५ म्हणजे पेमेंट आणि एफ-६ म्हणजे रिसीट, तुझ्या नावे आणि जमा पावतीला तेच ठेवलंस तर काही शिकवावं लागणार नाही. प्रत्येक बटणाला ‘शॉर्टकट’ नावाची प्रॉपर्टी आहे, तिथे भर. इंग्रजी फॉर्मवर अक्षराखाली रेघ देऊन ऑल्ट वापरायची पद्धत आहे, ती मराठीत करायला जाऊ नकोस. कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे त्यावर ती चालणार की नाही हे ठरतं, आणि काउंटरवर ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. अजून एक बारीकशी गोष्ट. कोडमधून बटणावरचा मजकूर बदललास तर त्याचा शॉर्टकट पुसला जातो. तो पुन्हा लावावा लागतो.

दोनदा होणाऱ्या नोंदीकडे येते. तुझ्या फंक्शनचं नाव ‘ऑन’, मग बटणाचं नाव, मग ‘क्लिक्ड’ असं अंडरस्कोरने जोडलेलं आहे ना? असं नाव दिसलं की क्यूटी ते बटणाला आपणहून जोडतं. पायक्यूटी-५ मध्ये क्लिक्डची दोन रूपं आहेत, एक साधं आणि एक खरं-खोटं सोबत आणणारं, आणि तू फंक्शनच्या वर पायक्यूटीस्लॉटची खूण (यातलं कोणतं रूप हवं ते सांगणारी ओळ) लिहिली नसशील तर दोन्ही जोडली जातात. एक क्लिक, दोन पावत्या. वर तू स्वतःही कनेक्ट केलं असशील तर तिसरी. ही सोय अंगावर येणारी आहे, मी ती वापरत नाही. फंक्शनला आपलं साधं नाव दे, ‘पावती जतन’ अशा अर्थाचं, आणि एकाच ठिकाणी हाताने जोड. शिवाय जतन सुरू होताच बटण बंद करून ठेव, कारण घाईत दोनदा क्लिक करणारी माणसं प्रत्येक काउंटरला असतात.

नावांचं निघालंच आहे तर, ‘पुशबटन अंडरस्कोर १७’ ही नावं आजच बदल. सहा महिन्यांनी सतरावं बटण कोणतं हे तुलाच आठवणार नाही. आणि पायक्यूटीने तयार केलेल्या पायथन फाइलला हात लावू नकोस. तिच्या डोक्यावर तसा इशारा लिहिलेला असतो, पुढच्या वेळी फॉर्म बदललास की तुझा कोड पुसला जाईल. तुझा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेव, किंवा डिझायनरची डॉट-यूआय फाइल थेट लोड कर.

रंगांबद्दल तू विचारलं नाहीस, पण साहेब सांगतीलच की जरा संस्थेचा भगवा-हिरवा येऊ दे. स्टाइलशीट, म्हणजे रंगरूपाचे नियम, फॉर्मला लावताना कोणत्या प्रकारच्या वस्तूला लावायचं ते आत लिही. नुसता रंग टाकलास तर आतलं प्रत्येक लेबल, रकाना, बटण आणि चूक झाल्याचा निरोप देणारी खिडकीसुद्धा भगवी होते. बघितलंय मी.

शेजारच्या गावची पतसंस्था हे विकत मागायला आली तर पैसे घेण्याआधी परवाना वाच. पायक्यूटी हे जीपीएल (प्रोग्राम दुसऱ्याला देताना कोडही खुला द्यायला लावणारा परवाना) किंवा विकतचा परवाना अशा दोनच वाटांनी मिळतं. पायसाइड या तशाच दुसऱ्या टूलला एलजीपीएल या जरा सैल परवान्याचीही वाट आहे, तुझ्यासाठी ती मोकळी पडेल. तुझी डिझायनरची फाइल दोन्हीकडे तीच चालते, म्हणूनही कष्ट फॉर्मच्या फाइलमध्ये घालावेत.

लेआउट लावून झालं की नवा फॉर्म घरी बघत बसू नकोस. काउंटरवर ने, गर्दी नसेल अशा दुपारी मॅडमच्या मागे खुर्ची टाकून बस आणि अर्धा तास गप्प राहा. त्या कुठे थबकतात, कुठे माउस शोधतात, कुठे टॅब मोजतात ते लिहून घे. मध्ये बोलायचं नाही, ‘तिथे क्लिक करा’ असंही नाही. चहा मात्र तू मागव.

पण हे सगळं करण्याआधी त्या दोनदा नोंदलेल्या पावत्यांची यादी काढ आणि उद्या सकाळीच साहेबांसमोर ठेव. डेटाबेसमध्ये शिरून त्या ओळी गुपचूप उडवू नकोस. पावती क्रमांकात मध्येच भोक पडलं की लेखापरीक्षक पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो. त्या रीतसर उलट नोंदीने रद्द होऊ देत, साहेबांच्या सहीने. नवा फॉर्म बरोबर चालेपर्यंत काउंटरवर जुना काळा पडदाच राहू दे.